पडल्यानंतर पुन्हा मांड टाकताना

घोड्यावरून पडलेल्या स्वारांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी कँटर (दुडकीहून वेगवान चाल) चालू असताना घोडा बुजला आणि एकदम डावीकडे सरकला. मी उजव्या खांद्यावर पडले, कॉलरबोन मोडलं. हाड जुळलं आहे, डॉक्टरांनी स्वारीची परवानगीही दिली आहे. साध्या चालीत ठीक वाटतं. पण दुडकी (ट्रॉट) सुरू झाली की श्वास अडकतो, तळहातांना घाम सुटतो, गुडघे आपोआप आवळले जातात. शिकवणारे सारखे सांगतात, 'घाबरू नका, सैल बसा.' ते जमतच नाही. काय करू?
– एक वाचक, वय 38

उत्तर : 'सैल बसा' हे कानाला कळतं, घाबरलेल्या स्नायूंना कळत नाही. त्यांना करायला काहीतरी नेमकं काम द्यावं लागतं. ते काम कोणतं, हे समजण्यासाठी आधी दुडकीत तुमचं काय होतं ते पाहू.

भीती वाटली की माणूस पोटाशी आक्रसतो. खांदे पुढे येतात, टाचा वर उचलल्या जातात, गुडघे खोगिराला आवळतात. आवळलेला गुडघा बिजागरीसारखा वागतो : त्याच्याखाली पोटरी मागे झुलते, त्याच्यावर धड पुढे कलतं आणि बैठक खोगिरातून सुटते. मागे गेलेली टाच घोड्याच्या कुशीला लागते. शिकवलेल्या घोड्याच्या लेखी ती 'पुढे चल' अशी खूण. त्याच क्षणी हात लगाम ओढत असतात. पळ आणि थांब या दोन्ही आज्ञा एकदम मिळाल्यावर घोडा मान वर करतो, त्याची चाल तुटक होते, तुम्हाला आणखी हिसके बसतात आणि भीती वाढते. म्हणून हे चक्र शरीराच्या बाजूने तोडायचं.

सगळ्यात आधी श्वास, आणि त्यातही उच्छ्वास. घाबरलेला माणूस हवा आत घेतो आणि कोंडून धरतो. चालीत घोड्याचे चार खूर एकामागून एक पडतात. त्या ठोक्यांवर चार मोजत श्वास घ्या, सहा किंवा आठ मोजत सोडा. दुडकीत दोनच ठोके असतात, तिथे मोठ्याने 'एक-दोन, एक-दोन' म्हणा. बोलताना श्वास कोंडून ठेवता येत नाही, हाच त्यातला उपयोग. मैदानाच्या कडेला अक्षरं लावलेली असतील (20 × 40 मीटरच्या मैदानात ती ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी असतात), तर पुढचं अक्षर येण्याआधी त्याचं नाव मोठ्याने घ्या. यात नजर वर राहते हा दुसरा फायदा. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. खाली घोड्याच्या मानेकडे पाहत बसलात की तेवढं वजन तोल पुढे ओढतं.

मग रिकिबी. खूप लांब सोडलेल्या रिकिबीत पाय आधार शोधत राहतो आणि तो सापडला नाही की गुडघा आवळतो. सध्या नेहमीपेक्षा एक भोक वर घ्या. चालीत आयाळ धरून रिकिबीत उभं राहा, चार पावलं मोजा, हलकेच बसा. असं दहा वेळा. टाच खाली नसेल तर तोल लगेच पुढे-मागे जातो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते. हा व्यायाम इतका साधा आहे की लोक तो टाळतात. गुडघ्याची पकड सोडवण्याचा याहून चांगला उपाय मात्र क्वचितच सापडेल.

तिसरी गोष्ट, घोड्याच्या मानेत एक सैल चामडी पट्टा बांधा. जुन्या रिकिबीचा पट्टाही चालतो. बोटांना धरायला काहीतरी हवंच असतं. ते लगामाऐवजी पट्ट्यात अडकवलं की घोड्याचं तोंड वाचतं आणि तुमची मांड खोगिरात ओढून बसते. पट्टा धरण्यात कमीपणा मानू नका.

आता क्रम. पहिले दोन-तीन दिवस स्वारीच नको. खरारा करा, खूर साफ करा, घोडा हाताने चालवा, थांबवा, दोन पावलं मागे घ्या. जमिनीवर तो तुमचं ऐकतो हे अंगात मुरू द्या. पुढे फक्त चढणं-उतरणं. ओट्यावरून चढा, जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं. बसल्यावर घोडा निदान दहा सेकंद स्थिर उभा राहायला हवा; बसल्याबरोबर चालू लागणाऱ्या घोड्यावर घाबरलेल्या स्वाराने चढू नये. त्यानंतर लंजिंग : शिकवणारा मधोमध उभा राहून लांब दोरावर घोडा गोल फिरवतो, वेग त्याच्या हातात आणि तोल तुमच्या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, निम्मा वेळ डावीकडून, निम्मा उजवीकडून. लहान गोलात जास्त वेळ फिरवलं तर घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो.

दुडकीची सुरुवात आठ-दहा पावलांनी करा आणि घोडा चांगला चालत असतानाच चालीवर आणा. बिघडेपर्यंत ताणलं की शरीराच्या लक्षात तो बिघाडच राहतो. भीतीला शून्य ते दहा असे गुण द्या. तीन-चारवर काम करायचं, सहाच्या वर गेलं की एक पायरी खाली यायचं, पण लगेच उतरायचं नाही. भीती शिगेला असताना उतरलात तर सुटका उतरण्यामुळे झाली, असं मेंदू शिकतो. सोपं काहीतरी करून गुण तीनवर येऊ द्या, मग उतरा. लागोपाठ तीन दिवस एक पायरी तीनच्या आत राहिली की पुढची घ्या. कँटर सगळ्यात शेवटी, सरळ रेषेऐवजी 20 मीटरच्या गोलात, कारण गोलात वेग साचत नाही. पाच-सहा ढांगा पुरेत.

याला किती आठवडे लागतील असं विचाराल तर आकडा देणार नाही. तारीख ठरवून बसलं की माणूस पायऱ्या गाळतो.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पडल्यावर प्रशिक्षकांनी तिला 'लगेच परत चढ, नाहीतर भीती कायमची बसेल' असं सांगितलं. ती रडत चढली. आता मैदानावर यायलाच तयार नाही. त्यांचं बरोबर होतं का?
– एक आई

उत्तर : नाही. पडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ॲड्रेनलिनमुळे दुखणं झाकलं जातं. मोडलेल्या हातानेही मुलं 'काही झालं नाही' म्हणतात. डोक्याला मार बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी परत चढणं हा सरळ धोका आहे. मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला तर परिणाम पहिल्यापेक्षा खूप गंभीर होऊ शकतो.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पडण्याच्या आधीचं किंवा नंतरचं न आठवणं, प्रकाशाचा त्रास, यांतलं काहीही दिसलं तर स्वारी बंद आणि डॉक्टर. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके किंवा उठवूनही नीट जाग न येणं म्हणजे तातडीने रुग्णालय. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर मुलाला हलवू नका, हेल्मेटही ओढून काढू नका. पोटावर किंवा डाव्या बरगड्यांवर मार बसला असेल आणि मागाहून डावा खांदा दुखू लागला, तर ते प्लीहेच्या दुखापतीचं लक्षण असू शकतं. खांदा चोळत बसू नका. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं तर पहिले 24 ते 48 तास विश्रांती, मग हळूहळू शाळा आणि हलकी हालचाल, आणि घोडा सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

हे सगळं नाही असं नक्की झालं, तरी मुलीला खोगिरात बसण्याचा आग्रह आत्ता करू नका. तिला घोड्याला चारा द्यायला, खरारा करायला न्या आणि त्या दिवशी स्वारी नाही हे घरून निघतानाच सांगा. दिलेला शब्द मोडू नका. 'आलीच आहेस तर बस जरा' या एका वाक्याने महिन्याभराचं काम वाया जातं. चढायचं कधी, किती फेऱ्या, थांबायचं कधी, हे तिने ठरवावं. 'काही होत नाही ग' म्हणण्याऐवजी नेमकं काय झालं होतं ते तिच्याकडून ऐका. बहुतेक वेळा मुलांना पडण्यापेक्षा त्या आधीचा क्षण, घोडा आपलं ऐकत नाही हा क्षण, जास्त लागलेला असतो. थांबवणं पुन्हा शिकवलं की बरंच ओझं उतरतं.

प्रश्न : ज्या घोड्यावरून पडलो त्याच्यावरच परत बसावं की दुसऱ्यावर? तो पूर्वी कधीच लाथा झाडत नव्हता.
– एक वाचक

उत्तर : शांत घोडा अचानक लाथा झाडू लागला, तर स्वाराच्या धैर्याचा विचार नंतर, आधी घोडा तपासा. तंग (खोगिराचा पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळताना तो कान मागे टाकतो का, चावायला वळतो का? पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेल्यावर पाठ खाली झुकवतो का? खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या भागात कोरडे चट्टे राहतात का? तसे चट्टे असतील तर तिथे दाब जास्त पडत असण्याची शक्यता आहे. दातांच्या धारदार कडा गालाला किंवा जिभेला लागतात का, हे पशुवैद्याकडून पाहून घ्या. त्याचा खुराक तोच राहिला आणि काम कमी झालं असेल, तर अंगातली साचलेली ताकदही अशीच बाहेर पडते.

तंगही विसरू नका. बरेच घोडे तंग बांधताना छाती फुगवतात. चढण्यापूर्वी एकदा आणि पाच-दहा मिनिटं चालल्यावर पुन्हा तपासा. सपाट बोटं घट्ट सरकतील इतका असावा.

कारण सापडलं आणि दूर झालं, तर त्याच घोड्याकडे परतायला हरकत नाही, पण पहिल्या पायऱ्या एखाद्या वयस्कर, स्थिर घोड्यावर करा. कारण सापडलंच नाही, तर त्याच्यावर आधी अनुभवी स्वार बसू द्या.

प्रश्न : पडल्यावर हेल्मेटला साधा ओरखडाही नाही. तेच वापरू का?

उत्तर : डोकं आपटलं असेल तर नाही. आतला फेस एकदाच दबून धक्का घेतो आणि तो दबलेला बाहेरून दिसत नाही. नवं घेताना घोडेस्वारीचंच घ्या (एएसटीएम एफ1163 किंवा पीएएस 015 असं मानक आत लिहिलेलं असतं). सायकलचं चालत नाही. पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे.

प्रश्न : मैदानात आता भीती वाटत नाही, पण बाहेर मोकळ्या रानात घोडा उधळेल असं सारखं वाटतं.
– एक वाचक, वय 52

उत्तर : थांबवण्याची एक खात्रीची रीत हातात आली की ही भीती निम्मी होते. एक लगाम आखूड धरा, तो हात स्वतःच्या मांडीपर्यंत आणा आणि तिथेच ठेवा. घोड्याची मान तुमच्या गुडघ्याकडे वळते, मागचे पाय एकमेकांना ओलांडतात आणि पुढे ढकलणारा जोर तुटतो. पाय थांबले की त्याच क्षणी लगाम सोडा. आधी उभ्या घोड्यावर, मग चालीत, मग सावकाश दुडकीत, दोन्ही बाजूंनी रोज चार-पाच वेळा करा.

याची मर्यादाही लक्षात ठेवा. भरधाव घोड्याची मान अशी झटक्यात वळवली तर त्याचेच पाय अडखळून तो कोसळू शकतो. उपयोग आहे तो घोडा नुकताच जोर धरत असताना, पहिल्या तीन-चार पावलांत. वेग वाढलाच असेल तर मोकळ्या जागेत मोठा गोल घ्या आणि तो हळूहळू लहान करा. रस्ता अरुंद असेल तर एक लगाम आखूड करून ती मूठ मानेवर घट्ट रोवा आणि दुसरा लगाम ओढा-सोडा, ओढा-सोडा. सलग ओढत राहिलात तर घोडा त्या ओढीवर टेकतो आणि आणखी पळतो.

पहिल्या काही फेऱ्या शांत घोड्याच्या मागून करा, मध्ये एका घोड्याची लांबी अंतर ठेवून, आणि ओळखीच्याच वाटेने. पुढचा घोडा वळणाआड दिसेनासा होऊ देऊ नका. मागे राहिलेला घोडा कळप गाठायला धावतो. परतीच्या वाटेवर, तबेला जवळ आल्यावर, फक्त चाल.