मॅच बघत फिरून निधी जमवायचा तर भाडं आपल्या खिशातलं

प्रश्न असा आहे: आयपीएलच्या दहाही संघांच्या मैदानांवर जाऊन एकेक मॅच बघायची आणि त्यातून एका संस्थेसाठी पैसे जमवायचे, तर हे कसं करावं, आणि प्रवास-तिकिटाचा खर्च जमलेल्या पैशातून वळता केला तर चालेल का?

शेवटचं आधी सांगतो. नाही चालणार. एक रुपया पण नाही. खाली कुणीतरी लिहिलंय की दहा टक्के खर्च धरतातच सगळे, तर धरू द्या सगळ्यांना. संस्थेचा खर्च वेगळा, तिथं माणसं पगारावर असतात, रोज राबतात. तुम्ही मॅच बघायला जायलात. ती बघायची हौस तुमची आहे, तिचे पैसे ज्यांच्यासाठी मागताय त्यांच्या नावावर कसे पडतील?

मी हे केलंय म्हणून एवढं ठासून बोलायलोय. आयपीएल नाही, कबड्डी. मी बीड जिल्ह्यातला, माजलगाव तालुका, आमचं कृषी सेवा केंद्र आहे, थोरला भाऊ आणि मी मिळून चालवतो. २०२३ च्या डिसेंबरात प्रो कबड्डीचा दहावा हंगाम सुरू झाला तो कोरोनानंतर पहिल्यांदाच बारा शहरांत फिरणार होता, पहिलं शहर सोडलं तर शुक्रवार ते बुधवार एका शहरात, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी दुसरं शहर. अहमदाबाद, बंगळुरू, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता, पंचकुला. हे वेळापत्रक बघितलं आणि माझ्या डोक्यात एकच आलं, हा तर अगदी ऊसतोडीचा हंगाम आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ते फिटेपर्यंत माघारी यायचं नाव नाही, आणि लेकरं एकतर सोबत कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, नाहीतर गावात म्हातारीजवळ. आमच्या तालुक्यात अशा लेकरांचं एक वसतिगृह आहे, त्या वर्षी ६२ पोरं-पोरी होती. कबड्डीवाले ज्या दिवसांत गावोगाव फिरणार त्याच दिवसांत या लेकरांचे मायबाप गावोगाव फिरणार. म्हणलं यावर लोक पैसे देतील.

आमची माय आणि आप्पा पण ऊसाच्या फडातलेच. कोपीत राहिलोय मी, तिसरीत अर्धं वर्ष शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात कबड्डी खेळायचो. नंतर मी आजीजवळ राहून शिकलो ते दादामुळं, कारण दादानं सातवीत शाळा सोडली आणि आप्पांसोबत मोळ्या वाहायला गेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं भांडण दादाशीच झालं.

पद्धत अशी ठेवली होती की मी हॉलमध्ये बसून जेवढ्या मॅच बघीन तेवढ्यांत जितक्या अव्वल पकडी होतील, म्हणजे मॅटवर तीन किंवा त्याहून कमी पकडपटू उरलेले असताना केलेली पकड, दोन गुणांची, त्या प्रत्येक पकडीला दात्यानं ठरवलेले पैसे द्यायचे. कुणी ५ बोललं, कुणी १०, एका डॉक्टरांनी ५०. मुद्दाम जिंकण्या-हरण्यावर ठेवलं नाही. पुणेरी पलटण त्या हंगामात गुणतक्त्यात पहिली आली, फायनलला हरियाणाला २८-२५ नं हरवून जिंकली पण, विजयावर ठेवलं असतं तर कदाचित जास्त जमले असते. पण जिंकण्यावर पैसे लावले की आमच्याकडं लगेच सट्टा म्हणतात आणि एकदा तो शब्द चिकटला की संस्थेला पण चिकटतो. अव्वल पकड निवडायचं दुसरं कारण माझं मनातलं आहे, संघ कमी माणसांवर आलेला असताना पकडीला जास्तीचा गुण मिळतो तो हा. तुम्ही आयपीएलला षटकार धरा, झेल धरा, काय धरायचं ते धरा, पण संघ धरू नका.

वसतिगृहात टीव्ही आहे. आठची मॅच पोरं बघायची, नऊच्या मॅचला सर झोपवायचे, तिचा आकडा मी सकाळी फोनवर सांगायचो. भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं रोजची बेरीज. पाटण्याला, जानेवारीचे शेवटचे दिवस, धुक्यानं गाडी सहा-सात तास लेट झालेली, पाटलीपुत्र स्टेडियमच्या एकदम वरच्या रांगेत बसून मी वहीत दोन पकडी लिहिल्या आणि सकाळी फोन केला तर आठवीतली एक पोरगी म्हणाली काका, तीन झाल्या. मी म्हणलं नाही गं, मी इथं समोर बसलो होतो. ती म्हणाली, तुम्ही बाद झालेल्याला मोजलंय, मॅटवर तिघंच होते, फलकावर दोन गुण पडले ते नाही का बघितले? मोबाईलवर परत लावून बघितलं तर तिचंच बरोबर. एका पकडीला तोवर सगळ्या दात्यांचे मिळून दोन हजारांच्या वर जात होते. मी त्याच दिवशी सगळ्यांना मेसेज टाकला की आकडा माझ्याकडून चुकला, वसतिगृहातल्या पोरीनं पकडला, आणि त्या दिवशी एवढे फोन आले ना, दोन जणांनी तर आपला दर दुप्पट केला. त्या पोरीची आई तेव्हा कर्नाटकात कुठंतरी थळात, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामी होती, तिला हे कळायला आठ दिवस लागले.

आता दादाचं. भाऊबीजेला दाजी घरी आलेले, सगळे जेवायला बसलेले, मी हा बेत सांगितला. दादा ताटावरून न उठता म्हणाला, याला फिरायला निमित्त पाहिजे. गाडीभाड्याचे पैसे तसेच नेऊन दे की त्या लेकरांना. मी म्हणलं मुंबई मॅरेथॉनमध्ये २००४ पासून लोक धावून संस्थांना पैसे मिळवून देतात, तर दादा म्हणाला, ते धावतात, घाम गाळतात, तू खुर्चीवर बसून बघणार. दाजींसमोर बोलला हे मला लई लागलं. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून मी ठरवलं की भाडं, तिकीट, चहा सगळं माझ्या वाट्याच्या पैशातून, आणि दोन वह्या करायच्या, निळी दात्यांची, लाल माझ्या खर्चाची, दोन्ही कुणालाही बघायला खुल्या.

हिशोब सांगतो. अकरा शहरं झाली, कोलकाता राहिलं, दुकानात त्या आठवड्यात माल यायचा होता. माझा खर्च ४७,३०० रुपये, स्लीपरनं गेलो, सगळ्यात स्वस्त तिकिटं, मुक्काम जमेल तिथं ओळखीच्यांकडं. एकूण ५७ अव्वल पकडी. दाते १६३. बोललेले पैसे १,१२,००० आणि प्रत्यक्ष आलेले ८६,५००, हे नीट वाचा, जवळपास चौथा हिस्सा आलाच नाही, आणि न देणारे अनोळखी नव्हते, ओळखीचेच जास्त होते. म्हणून शेवटी एकदम मागू नका, प्रत्येक शहर झालं की मागा. वरून काहींनी एकरकमी दिले ते ५१,९००. सगळे मिळून १,३८,४००. त्यातून सोलर वॉटर हीटर बसला, पोरं थंडीत गार पाण्यानं अंघोळ करायची ते थांबलं, गाद्या आल्या, आणि हंगाम संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा अंडी.

आता सांगा, दादाचं ऐकून ४७,३०० नेऊन दिले असते तर सोलर बसला असता का? आणि तेवढे मी खरंच नेऊन दिले असते का, हे पण स्वतःला विचारलं पाहिजे. माणूस नाही देत हो. जो म्हणतो तेवढेच पैसे दे की, तो स्वतः कधी देताना मी बघितला नाही, दादाला सोडून, दादा देतो, दरवर्षी ज्वारीचं एक पोतं वसतिगृहात गुपचूप टाकून येतो आणि कुणाला सांगत नाही.

टीव्हीवर बघून पण मोजता आलं असतं, असं एक जण मला म्हणाला होता. आलं असतं. पण १६३ पैकी ७१ जण मला हॉलमध्येच भेटलेत. पुण्याला बालेवाडीत मी नुसता पाठीवर कागद लावून बसलो होतो, "ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी, प्रत्येक अव्वल पकडीला", तर चाकणला कंपनीत असलेली केज-धारूरकडची पोरं येऊन स्वतः विचारायला लागली. हैदराबादला गच्चीबावलीत पण तसंच, नांदेड-लातूरची आयटीतली पोरं. त्यातल्या एकानं रडत सांगितलं की त्याची आई पण कोयत्याला होती आणि ऑफिसात हे कुणालाच माहीत नाही. घरी बसून हे मला कुठं भेटलं असतं?

बाकी कागदपत्राचं थोडक्यात. पैसे थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर, क्यूआर पण संस्थेचाच, तुमच्या स्वतःच्या मोबाईलवर एक रुपया घेऊ नका, नंतर परत पाठवू म्हणून पण नाही. नोंदणी नसताना आपल्याच नावानं गोळा करायचा विचार असेल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारा. ऐंशी-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती देणारी संस्था असेल तर लोकांना हे आधीच सांगा की रोख २,००० च्या वर दिले तर त्यावर सवलत नाही, आणि नवीन कररचना घेतलेल्याला तर नाहीच, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. अमेरिकेतला कुणी तिथला नागरिक झालेला असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी धरतात, संस्थेकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी नसेल तर घेताच येत नाहीत. भारतीय पासपोर्टवाला तिथं राहत असेल आणि आपल्या कमाईतून देत असेल तर चालतं. स्टेडियमच्या आत डबा फिरवू नका, बाहेर काढतील. संघाचा लोगो परवानगीशिवाय छापू नका.

आयपीएलचं मला एवढंच सांगायचंय की तुम्ही मराठवाड्यासाठी मागणार असाल तर लोकांना २०१६ आठवतंय. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डबे, ५ लाख लिटर, आणि दुसऱ्या दिवशी हायकोर्टानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्या, कारण मैदानांना पाणी मारायला कुठून आणणार. आमच्याकडं अजून कुणी आयपीएलसाठी पैसे मागितले की म्हातारे ते काढतात. त्याचं उत्तर तयार ठेवा, किंवा सरळ पाण्याच्याच कामासाठी मागा. आणि दहा संघ म्हणजे दहा मैदानं असं धरू नका, काही संघ आपल्या थोड्या मॅच दुसऱ्या मैदानावर पण खेळवतात, आधी गुवाहाटी, धरमशाला, विशाखापट्टणम अशा ठिकाणी झाल्यात, म्हणून वेळापत्रक लागल्याशिवाय रेल्वेचं आरक्षण करू नका.

एक राहिलं, आणि हे मान्य करायला मला वर्ष लागलं. पाटणा, दिल्ली, नोएडा, पंचकुला, जयपूर या पाच ठिकाणी मिळून मला चार दाते भेटले. चार. माझा निम्म्याहून जास्त खर्च तिकडंच झाला. पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू एवढंच केलं असतं तरी पैसे जवळपास तेवढेच जमले असते. सगळी शहरं करायची ही माझी हौस होती, त्यात दादाचं बोलणं खरं होतं, फक्त ती हौस मी माझ्या पैशानं केली. तुमच्या ऐपतीत दहा मैदानं बसत नसतील तर चार करा, आपली माणसं जिथं पोटासाठी गेलीत तिथली चार.

आणि मी ४६ दिवस बाहेर होतो तेव्हा दुकान दादानं एकट्यानं उघडलं आणि बंद केलं, रब्बीच्या ऐन गर्दीत. ते मी हिशोबात धरलंच नव्हतं. मागच्या दिवाळीत लाल वहीत शेवटची ओळ वाढवली, "दुकान, ४६ दिवस, दादा", रक्कम लिहिली नाही, आणि वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं वाचली आणि गल्ल्याच्या कप्प्यात ठेवून दिली, अजून तिथंच आहे.

वेळापत्रक लागलं की इथंच लिहा. हैदराबादच्या उप्पल मैदानावरची मॅच धरणार असाल तर मी परळीहून येतो, तिकीट माझं मी काढीन.