गोम एकच, कुळं दोन?

प्रश्न : 'स्ट्रिगामिया जापोनिका' या जपानी गोमेचं कुळ एका पुस्तकात लिनोटेनिइडी, तर दुसऱ्यात जिओफिलिडी दिलं आहे. बरोबर कोणतं? शिवाय नावापुढे फेरहूफ, 1935 (जातीचं पहिलं वर्णन करणारा आणि त्याचं साल) हे कंसात का?

उत्तर : दोन्ही पुस्तकं आपापल्या काळाला धरून आहेत. लाल-केशरी अंगाच्या, डोक्याकडे निमुळत्या होत गेलेल्या या गोमांना पूर्वी लिनोटेनिइडी असं स्वतंत्र कुळ होतं. 2014 साली शरीररचना आणि डीएनए एकत्र तपासल्यावर हा गट जिओफिलिडीच्याच पोटातला ठरला. मी स्वतः जिओफिलिडी लिहितो. नातं दिसत असताना वेगळी चूल मांडून ठेवणं मला पटत नाही.

गण, म्हणजे कुळाच्या वरची पायरी, मात्र वादातीत आहे, जिओफिलोमॉर्फा. जपानीत यांना 'जिमुकादे' म्हणतात, म्हणजे जमिनीतली गोम. यांना डोळे नसतात. पायांच्या जोड्या 27 ते 191, आणि नेहमी विषम! सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना सम आकडा आला की मी मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून मोजतो, कारण चूक माझीच असते. अंड्यातून निघतानाच पायांची संख्या ठरलेली असते, म्हणून ओळख पटवताना ती फार कामाची. पण एकाच जातीत मादीला सहसा नरापेक्षा जास्त जोड्या असतात, तेव्हा एका नमुन्यावर विसंबू नका.

आता कंस. मूळ वर्णनकर्त्याने जात ज्या प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) ठेवली होती तिथून ती पुढे हलवली गेली, की त्याचं नाव कंसात जातं.