खाणीचं लाल पाणी शेतात आलं म्हणून गंधक टाकू नका

प्रश्न (चंदगड तालुका): आमच्या भाताच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला बॉक्साइटची खाण आहे. वळवात तिथून लालभडक पाणी उतरलं. दुकानदार म्हणतो, हे खाणीचं आम्लपाणी आहे, एकरी 25 किलो गंधक आणि जिप्समच्या 10 गोण्या टाका. टाकू का?

उत्तर: नका टाकू. गंधक तर मुळीच नको.

खाणीचं आम्लपाणी हा खरा आणि वाईट प्रकार आहे. कोळशाच्या किंवा तांब्याच्या खाणीत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, उघडं पडतं. हवा, पाणी आणि जिवाणू मिळून त्याचं गंधकाम्ल करतात. मेघालयात जैंतिया टेकड्यांतल्या नद्यांमध्ये कोळसा खाणींच्या अशा पाण्यानं मासे उरले नाहीत. आपल्याकडचं बॉक्साइट मात्र जांभ्यातलं. लाखो वर्षं पावसानं धुतलेल्या या दगडात पायराइट जवळजवळ नसतंच. तुमच्या वाफ्यात आलाय तो लोहमिश्रित गाळ.

आता दुकानदाराच्या गंधकाचं बघा. जमिनीतले जिवाणू गंधकाचंही गंधकाम्लच करतात. 1 किलो गंधकाचं जवळपास 3 किलो आम्ल होतं. खाणीत जे घडायची भीती, ते तुम्ही पैसे मोजून वाफ्यात घडवणार! तुमची जांभ्याची जमीन मुळातच आम्ल. 25 किलो गंधकाचं आम्ल मारायला 75 किलोच्या वर चुनखडी लागेल. जिप्समनं सामू (pH; जितका कमी तितकी माती आम्ल) वाढत नाही. जिप्सम-गंधक हा शिरोळ तालुक्यातल्या चोपण, म्हणजे सोडियम चढून घट्ट झालेल्या, जमिनीचा उपाय. शिरोळचं औषध चंदगडात विकणारे मी दर हंगामात बघतो. माती परीक्षणाचा कागद न बघता जो गोणी पुढं करतो, त्याचं ऐकू नका.

आधी तपासा. बादलीभर पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तळाला लाल थर आणि वर निवळ पाणी दिसलं तर गाळच आहे. त्या निवळ पाण्यात सामूचा कागद बुडवा. सामू 4 च्या खाली आला किंवा ओढ्यातल्या दगडांवर भगवा-पिवळा लेप धरला असेल, तर ते पाणी वाफ्यात घेऊ नका. तलाठ्याला पंचनामा करायला सांगा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

चुना लागेलही, पण मोजून. परीक्षणात सामू 5.5 च्या खाली असेल तरच, आणि अहवालात दिलाय तेवढाच. कळीचा चुना चुनखडीच्या जवळजवळ दुप्पट जोराचा असतो. चुनखडीचं माप कळीच्या चुन्याला लावलंत तर जस्त आणि लोह पिकाला मिळणार नाही. लावणीच्या 3-4 आठवडे आधी चुना मातीत मिसळा. युरिया किंवा डीएपीबरोबर कधीच नको, अमोनिया उडून जातो. भाताच्या वाफ्यात पाणी साचलं की सामू आपोआप वर सरकतो, म्हणून भाताला नाचणी-भुईमुगाएवढी घाई नको. पुन्हा सांगतो, अंदाजानं चुना नको.

लावणीनंतर पानांवर तांबूस ठिपके आणि मुळांवर तांबडा लेप दिसला तर ती लोहाची बाधा. दुकानदार करपा (बुरशीचा रोग) म्हणून फवारणी देईल, घेऊ नका. पाणी काढून वाफा थोडा सुकवा. पालाश (पोटॅश) कमी पडू देऊ नका.

माझा भर मात्र गाळखड्ड्यावर आहे. ओघळ जिथं शेतात शिरते तिथं, वरच्या बांधापाशी, खड्डा काढा. त्याच्या खालच्या अंगाला वाळ्याची दाट ओळ लावा, अर्ध्या वीतेवर एक ठोंब. पाणी थबकतं, गाळ खाली बसतो. बॉक्साइटच्या पट्ट्यात ज्यांनी हे केलं त्यांचे वाफे लाल झाले नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. वळवाच्या आधी खड्डा तयार हवा. पाऊस लागल्यावर खणायला गेलात तर बांधच फुटेल.

मृद आरोग्य पत्रिकेसाठी कृषी सहायकाकडं नमुना द्या. नमुना गाळाच्या थरातला नको, थर बाजूला सारून एक वीतभर खोलीची माती घ्या. खड्ड्यातला उपसलेला गाळ बांधावर टाका, वाफ्यात पसरू नका.