विमानाच्या टायरमध्ये हवा भरणं खरंच जिवावर बेतू शकतं का?

तुम्ही विचारलंय की मामांच्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या दुकानात ट्रकचे टायर करून हात बसलाय, आता इंदूर विमानतळावर हेल्पर म्हणून लागताय, तर तिथले लोक टायरची जी भीती घालतात ती खरी की नव्या पोराला दमात घेणं चाललंय?

भीती खरी आहे. मी विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक इंदुरातच. ट्रकवर काम केलेला मुलगा आला की मला आनंद होतो, कारण त्याला पान्हा धरायला शिकवावं लागत नाही. काळजीही वाटते, कारण त्याच्या काही सवयी मोडाव्या लागतात.

ट्रकच्या टायरमध्ये 100 ते 120 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड) दाब असतो. इंदूरला रोज उतरणाऱ्या एअरबस 320 किंवा बोइंग 737 च्या मुख्य चाकात साधारण 200. ऐकायला दुप्पटच वाटतं. पण 20 इंच व्यासाच्या रिमवर 200 पीएसआयचा हिशेब करून बघा: रिमच्या दोन बाजूंना एकमेकींपासून ढकलणारा जोर 28 टनांच्या आसपास येतो. विमानाचं रिम दोन अर्ध्या भागांचं असतं आणि हा सगळा जोर त्यांना जोडणाऱ्या टाय बोल्टनी धरलेला असतो. म्हणून मी म्हणतो, रबराला कमी घाबरा, रिमला जास्त. तुमच्याकडे जुन्या रिमची रिंग उडते तेव्हा काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता यातली सगळ्यात फसवी गोष्ट. चाक विमानावर बसलेलं असताना एखाद-दोन टाय बोल्ट तुटलेले असले किंवा रिमला तडा गेलेला असला, तरी बाहेरून चाक धड दिसू शकतं, कारण अॅक्सलचा नट ते दाबून धरतो. तुम्ही नट सैल केला की तो आधार जातो आणि रिमचा अर्धा भाग तुमच्या अंगावर येतो. म्हणून चाक उतरवायचं असेल तर आधी टायर पूर्ण रिकामा करायचा, मग नटाला हात लावायचा. आणि रिकामा करताना थेट व्हॉल्व्हचा कोअर (आतली हवा अडवणारा छोटा तुकडा) फिरवायचा नाही. आत दाब असताना तो सुटला तर गोळीसारखा जातो. डिफ्लेटर (दाब सोडायचं साधन) लावून दाब हळूहळू सोडायचा, मग कोअर काढायचा.

विमानाच्या टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरतात, त्यामुळे भरण्याच्या बाजूला खरा वैरी म्हणजे सिलिंडर. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये साधारण 150 बार, म्हणजे दोन हजार पीएसआयच्या वर दाब असतो. मधे दाब कमी करणारा रेग्युलेटर नसेल, किंवा तो बिघडलेला असेल, तर 200 चा टायर आणि 2000 चा सिलिंडर यांच्यात फक्त तुमचा हात उरतो. टायर फुगतोय की नाही हे हात ठेवून किंवा लाथ मारून बघायची दुकानातली सवय इथे बंद. रेग्युलेटर टायरच्या दाबाला साजेसा लावायचा, दाब मोजायच्या गेजच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) तारीख बघायची, नळी लांब ठेवायची. नव्यानं जोडलेलं चाक सुरक्षेच्या पिंजऱ्यात ठेवूनच पहिल्यांदा भरायचं. विमानावर पिंजरा नसतो, तिथे चाकाच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं, रिमच्या बाजूला कधीच नाही. (आणि सिलिंडरची खोली बंद असेल तर आधी दार उघडा. नायट्रोजनला वास नसतो, गुदमरतोय हे कळतही नाही.)

साधी हवा का नाही, हे नवीन माणूस हमखास विचारतो. 31 मार्च 1986 ला मेक्सिकाना विमान कंपनीचं बोइंग 727 मेक्सिको सिटीहून उडाल्यावर पडलं, 167 माणसं गेली. तापलेल्या ब्रेकनं साध्या हवेनं भरलेला टायर चाकाच्या कप्प्यात फुटला होता. फार तापलेल्या रबरातून पेट घेणारी वाफ निघते, तिला ऑक्सिजन मिळाला की स्फोट. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं मोठ्या प्रवासी विमानांच्या टायरमधला ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या वर नको, असा नियम केला.

मे महिन्यातल्या दुपारचं वेगळं सांगतो, कारण इथे ट्रकवाले हमखास चुकतात. उन्हाळ्यात ‘थोडी हवा काढून टाक’ ही तुमच्याकडची रीत. विमानाचा टायर गरम असताना गेज जास्त दाखवतं म्हणून दाब सोडलात, तर रात्री गार झाल्यावर तो कमी भरेल. तापमान 3 अंश सेल्सिअसनं बदललं की दाबात साधारण 1 टक्का फरक पडतो. मोजायचं ते गार टायरवर, उतरल्यानंतर दोन-तीन तासांनी. विमान थांबल्या थांबल्या जवळ जाऊ नका. ब्रेकची उष्णता रिमपर्यंत सरकायला वेळ लागतो, त्यामुळे चाक सर्वात जास्त तापतं ते विमान उभं राहिल्यावर काही वेळानं. फार तापलं तर रिममधले फ्यूज प्लग वितळून दाब सोडून देतात. ते काम त्यांना करू द्या. लाल झालेल्या ब्रेकवर बादलीभर पाणी ओतायची घाई तर अजिबात नको, रिमला तिथेच तडा जाऊ शकतो.

कमी दाब तर भरणाऱ्याला नाही, बसणाऱ्याला मारतो. 11 जुलै 1991 ला जेद्दाहून निघालेल्या डीसी-8 विमानाचे टायर कमी भरलेले होते, हे मेकॅनिकना माहीत होतं. नायट्रोजन लगेच हाताशी नव्हता, उशीर नको म्हणून विमान सोडलं. धावपट्टीवर टायर फुटून आग लागली, 261 जण गेले. म्हणून तुमचं गेज ठरलेल्या दाबाच्या 90 टक्क्यांखाली दाखवत असेल तर भरून वेळ मारून न्यायची नाही. टायर बदलायचा, आणि 80 खाली असेल तर त्याच अॅक्सलवरचा जोडीदारही. नेमका आकडा त्या विमानाच्या मॅन्युअलमधला धरा आणि इंजिनिअरला लगेच सांगा. सही त्याची असते, पण गेज तुमच्या हातात असतं.