ईमॅक्समध्येच मेल वाचायचाय. म्यूफोरई घेऊ की नॉटमच? दोन अकाउंट आहेत, मेल उडणार तर नाहीत ना?

प्रश्नाचं ते शेवटचं शेपूट वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर म्यूफोरई की नॉटमच (दोन्ही ईमॅक्स या एडिटरमधून मेल वाचायचे प्रोग्राम) यावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. तर हो, उडतात. माझे उडालेत. ज्या ज्या मेलवर मी 'डी' (म्हणजे ट्रॅशमध्ये टाक) दाबलं ते सगळे, आणि ट्रॅशमध्येही सापडले नाहीत.

माझा सेटअप नेहमीचाच, समोर म्यूफोरई, मेल सर्व्हरवरून मशीनवर आणून दोन्हीकडे सारखे ठेवायला एमबीसिंक, पाठवायला एमएसएमटीपी. एमबीसिंकची कॉन्फिग कुणाचीतरी उचलली होती, त्यात 'एक्स्पंज बोथ' (डिलीटेड मेल मशीन आणि सर्व्हर दोन्हीकडून पुसून टाक) होतं, मला वाटलं दोन्हीकडे साफसफाई होतेय तर बरंच आहे की. दोन महिने मजेत गेले. मग एका बिलाचा जुना मेल हवा होता म्हणून ट्रॅशमध्ये गेलो, तर ट्रॅश रिकामा. सर्व्हरवर जाऊन बघितलं, तिथेही काही नाही. होस्टिंगवाल्यांना तावातावाने मेल लिहिला (ईमॅक्समधूनच, ती खुमखुमी होतीच). त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

रात्री टर्मिनलमध्ये मेलडिर, म्हणजे मशीनवरचं मेलचं फोल्डर, उघडून बसलो. तिथे प्रत्येक मेल म्हणजे एक साधी फाइल, आणि नावाच्या शेवटी अक्षरं, एस म्हणजे वाचलेला, आर म्हणजे उत्तर दिलेला, टी म्हणजे टाकलेला. एक फालतू न्यूजलेटर बळी घेतलं. 'डी' दाबलं, 'एक्स' दाबून ते अमलात आणलं, फाइल ट्रॅशच्या फोल्डरमध्ये गेली आणि नावात एसच्या पुढे टी येऊन चिकटला. एमबीसिंक चालवलं. फाइल गायब! म्हणजे म्यूफोरई बिचारं टी लावतं, एमबीसिंक त्या टीचा अर्थ 'डिलीटेड' असा घेतं आणि एक्स्पंज बोथ असेल तर दोन्हीकडून कायमचं पुसून टाकतं. दोघांनी आपापलं काम चोख केलं, मधला गाढव मी.

तेव्हा पहिले काही आठवडे 'एक्स्पंज नन' (काहीच पुसू नको) ठेवा, आणि ट्रॅशचा मार्क, म्हणजे 'डी'चं काम, असा बदलून घ्या की टी न लावता मेल नुसता हलेल. शिवाय म्यूफोरईत मेल हलवताना फाइलचं नाव बदलायचं एक सेटिंग आहे ते चालू करा, कारण एमबीसिंक यूआयडी (मेलचा सर्व्हरवरचा नंबर) फाइलच्या नावातच लिहून ठेवतं, जुन्या नावाने फाइल दुसऱ्या फोल्डरात गेली की डुप्लिकेट यूआयडी म्हणून अडून बसतं. आणि एवढं करूनही धाकधूक असेल तर सरळ नॉटमच घ्या, ते स्वतःहून मेल डिलीट करतच नाही, आपल्या डेटाबेसमध्ये टॅग लावतं फक्त.

तो बिलाचा मेल शेवटी मिळाला कुणाकडून, तर माझ्या जुन्या पार्टनरकडून, जो कित्येक वर्षं मला ऐकवतोय की अरे, ब्राउझर आहे ना, कशाला हे उद्योग. अर्ध्या मिनिटात फॉरवर्ड केला, वर नुसती एक स्मायली. ती स्मायली अजून डोक्यात आहे. पण मी म्हणतो, दिवसभर मी ज्या एडिटरमध्ये टायपतो त्यातच उत्तर लिहायला मिळतं, नेट नसलं तरी सगळे मेल हाताशी असतात, आणि सर्च बोट उचलायच्या आत होतो कारण इंडेक्स माझ्याच मशीनवर आहे. हा माणूस मेलला उत्तर द्यायला ब्राउझर उघडतो आणि वीस मिनिटांनी तिसरंच काहीतरी वाचत बसलेला सापडतो. चूक माझ्या कॉन्फिगची होती, पद्धतीची नाही, हे त्याला आजवर पटलेलं नाही.

हां, एचटीएमएलने सजवलेले मेल ईमॅक्समध्ये भयाण दिसतात, तेवढ्यापुरता मीही ब्राउझर उघडतो (त्याला सांगू नका). आणि ऑफिसचं अकाउंट मायक्रोसॉफ्टवर असेल तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी साध्या पासवर्डचं लॉगिन बंद करत आणलं, तिथे ओऑथ (पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन) लागतं, म्हणजे एक अख्खा रविवार गेला समजा. जीमेलला टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढला की भागतं.

दोन अकाउंटचं राहिलंच. म्यूफोरईत त्याला कॉन्टेक्स्ट म्हणतात, अवघड नाही, पण आधी एकच अकाउंट लावा, आणि तेही ज्यातले मेल गेले तरी चालतील असं.