लाल चेहरा आणि दारूचे व्यसन

प्रश्न : माझा मुलगा जपानमध्ये नोकरीला आहे. तेथील काही सहकाऱ्यांचे चेहरे अर्ध्या ग्लास बिअरनेच लालबुंद होतात, असे तो सांगतो. अशांना व्यसन लागत नाही, हे खरे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. यकृतात मद्यापासून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते आणि दुसरे विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट करते. सुमारे ४० टक्के जपानी लोकांत या विकराचे जनुक बदललेले असल्याने ते विष रक्तात साचते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते आणि पेला खाली ठेवावासा वाटतो. मात्र हे कवच अभेद्य नाही. जपानमधील मद्यासक्त रुग्णांत या जनुकाची एक बदललेली प्रत असणारे १९७९ मध्ये २.५ टक्के होते, १९९२ मध्ये १३ टक्के आढळले. एवढ्या काळात जनुके बदलत नाहीत. बदलला तो पिण्याचा रिवाज. अशा व्यक्तींनी नेटाने पीत राहणे मला फार चिंतेचे वाटते, कारण त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका कितीतरी अधिक असतो.