ब्रेक्झिट पुढे ढकलण्यासाठी ब्रिटिश संसदेत झालेली मतदाने कशी समजून घ्यावीत?

आपण विचारले आहे की, २०१९ मध्ये ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे लांबणीवर टाकण्यासाठी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये इतक्या वेळा मतदान झाले आणि दर वेळी बातमी 'सरकारचा पराभव' अशीच आली, तर मग मुदतवाढ नेमकी कोणत्या मतदानाने मिळाली आणि ही सारी मतदाने कोणत्या क्रमाने वाचावीत. त्या वर्षी मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो आणि एका दोनशे पानी वहीत प्रत्येक मतविभाजनाचे आकडे उतरवून घेत होतो. ती वही समोर ठेवूनच हे उत्तर लिहीत आहे.

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. मुदतवाढ कोणत्याही मतदानाने मिळाली नाही. ती देण्याचा अधिकार युरोपीय संघातील उरलेल्या २७ देशांना होता आणि त्यासाठी त्यांचे एकमत आवश्यक होते. ब्रिटिश खासदार फार तर आपल्या पंतप्रधानाला ती मागायला भाग पाडू शकत होते. ही साधी गोष्ट माझ्याही लक्षात उशिरा आली. मुदतवाढ मागण्याच्या ठरावाचा १४ मार्च २०१९ चा निकाल ऐकून दुसऱ्या दिवशी मी वर्गात 'ब्रेक्झिट पुढे गेले' असे सांगून मोकळा झालो आणि आठवडाभराने तेच विधान विद्यार्थ्यांसमोर मागे घ्यावे लागले.

जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनने लिस्बन कराराच्या ५० व्या कलमाखाली तशी रीतसर सूचना दिली आणि त्या कलमातील दोन वर्षांचे घड्याळ सुरू झाले. सभागृहाने काहीच ठरवले नाही, किंवा समोर आलेला प्रत्येक पर्याय फेटाळला, तरी २९ मार्च २०१९ च्या रात्री ११ वाजता देश कराराविना, म्हणजे बाहेर पडण्याच्या अटी युरोपीय संघाशी न ठरवताच, बाहेर पडणार होता. आपल्याकडे ठराव फेटाळला की बहुधा सारे जैसे थे राहते, त्यामुळे 'नाही' म्हणणे सुरक्षित वाटते. तेथे 'नाही' म्हणणे म्हणजे कड्याच्या दिशेने आणखी एक पाऊल टाकणे होते. म्हणून कोणतेही मतदान वाचताना मी वहीत सर्वांत आधी 'हे फेटाळले तर काय?' असा रकाना भरत असे.

दुसरा रकाना 'ठराव की कायदा?' असा होता. १३ मार्च रोजी सभागृहाने कराराविना बाहेर पडणे ३२१ विरुद्ध २७८ मतांनी नाकारले. त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण तो केवळ ठराव होता आणि त्याने कायद्यातील तारखेला धक्काही लागला नाही. गंमत अशी की ठराव मुळात सरकारचाच होता; मात्र त्यावरील उपसूचना आधी ३१२ विरुद्ध ३०८ मतांनी मंजूर झाल्याने त्याचे शब्द बदलले आणि सरकारने आपल्याच ठरावाच्या विरोधात पक्षादेश (व्हिप) काढला.

येथे भारतीय वाचकाची हमखास गल्लत होते. आपल्याकडे राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यामुळे, पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये पक्ष फार तर त्याला संसदीय गटातून काढतो, जागा त्याचीच राहते. म्हणून १५ जानेवारी रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी कोसळला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच सत्ताधारी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे ११८ खासदार असू शकले. १२ मार्चला तोच करार ३९१ विरुद्ध २४२ मतांनी पुन्हा पडला.

मग १४ मार्चची रात्र आली. त्या दिवशीचा मुख्य ठराव सरकारनेच मांडला होता : मुदतवाढ मागावी. तो ४१२ विरुद्ध २०२ मतांनी मंजूर झाल्याचे जाहीर झाले आणि नंतर बाजूने पडलेला आकडा ४१३ असा दुरुस्त करण्यात आला. म्हणजे सरकार जिंकले, पण कोणाच्या बळावर? हुजूर पक्षाच्या १८८ खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांच्या ठरावाविरुद्ध मत दिले आणि ठराव तरला तो मजूर पक्ष व इतर विरोधकांच्या मतांवर. ब्रेक्झिट मंत्री स्टीफन बार्कले यांनी तर चर्चेचा समारोप करताना सभागृहाला ठराव स्वीकारण्याची शिफारस केली आणि नंतर स्वतः मात्र ठरावाविरुद्ध मत दिले. हान्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात, दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या नोंदीत सापडतात. निकालाची बेरीज वाचून थांबू नये, नावांची यादी उघडावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे ते याचसाठी.

त्याच रात्री एक उपसूचना ३१२ विरुद्ध ३१४, अशी दोनच मतांनी पडली आणि माझ्या मते मुख्य ठरावापेक्षा तिचे महत्त्व अधिक होते. मजूर पक्षाचे खासदार हिलरी बेन यांच्या या उपसूचनेत सभागृहाचे कामकाज एका दिवसासाठी सरकारच्या हातून काढून खासदारांच्या हाती देण्याची तरतूद होती. ब्रिटनमध्ये कोणत्या विषयावर केव्हा मतदान होणार हे एरवी सरकार ठरवते, आणि विषयपत्रिका हाती नसलेल्या बहुमताचा फारसा उपयोग नसतो. पुढे ११ दिवसांनी, २५ मार्चला, हुजूर पक्षाचे खासदार ऑलिव्हर लेटविन यांची त्याच धर्तीची उपसूचना ३२९ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाली. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालापासूनच्या प्रथेचा आधार घेऊन तोच करार तसाच्या तसा पुन्हा मतदानाला आणण्यास मनाई केली होती, आणि युरोपीय नेत्यांनी मे यांनी मागितलेली ३० जूनची तारीख बाजूला सारून स्वतःच्या दोन तारखा दिल्या होत्या : करार मंजूर झाल्यास २२ मे, न झाल्यास १२ एप्रिल.

२७ मार्चला त्यानुसार देशांतर्गत कायद्यातील तारीख बदलण्याचा आदेश ४४१ विरुद्ध १०५ मतांनी संमत झाला. आकडा भरघोस असला तरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने तारीख त्याआधीच बदललेली होती. या मतदानाने फक्त घरातले कॅलेंडर बाहेरच्या कॅलेंडरशी जुळवून घेतले. त्याच दिवशी आठ पर्यायांवर कागदी मतपत्रिकांद्वारे कौल घेण्यात आला आणि आठही पडले. १ एप्रिलला पुन्हा कौल घेतला, तेव्हा कस्टम्स युनियनचा (युरोपीय संघाशी सामायिक सीमाशुल्क ठेवण्याचा) पर्याय २७३ विरुद्ध २७६, अवघ्या तीन मतांनी हुकला. २९ मार्चला मे यांचा करारही ३४४ विरुद्ध २८६ मतांनी तिसऱ्यांदा पडला होता. शेवटपर्यंत विरोधात राहिलेल्या कडव्या ब्रेक्झिटवाद्यांत प्रीती पटेल आणि गोव्याशी नाते सांगणाऱ्या सुएला ब्रेव्हरमन याही होत्या.

अशा चुरशीच्या वेळी त्या सभागृहातील मतविभाजन पाहणे हा एक अनुभव असतो. आपल्या लोकसभेत बटण दाबले की फलकावर आकडे उमटतात. तेथे घंटा वाजते, आठ मिनिटांनी लॉबीची दारे बंद होतात, आणि खासदार 'होय' किंवा 'नाही'च्या लॉबीतून चालत जाऊन मोजले जातात. मग दोन्ही बाजूंचे मिळून चार मोजणारे, ज्यांना टेलर म्हणतात, सभापतींसमोर ओळीने उभे राहतात. जिंकलेल्या बाजूचे टेलर सभापतींकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला असतात. त्यामुळे आकडा वाचण्याआधीच, नुसती ओळ लागताना पाहून, एका बाकावर आरोळी उठते आणि दुसऱ्या बाकावर शांतता पसरते. भारतात हे पाहणाऱ्याची मध्यरात्र उलटलेली असे. मी आवाज बंद ठेवून टेलर कुठे उभे राहतात एवढेच पाहायला शिकलो होतो, कारण घरची मंडळी शेजारच्या खोलीत झोपलेली असत.

३ एप्रिलची रात्र मात्र तशीही झोपेची नव्हती. मजूर पक्षाच्या इव्हेट कूपर आणि लेटविन यांनी पंतप्रधानांना मुदतवाढ मागण्यास कायद्याने बांधणारे विधेयक आणले होते, आणि एकाच दिवसात ते तिन्ही वाचनांतून नेण्यासाठी कामकाजाचा ताबा घेणारा ठराव आधी ३१२ विरुद्ध ३११ मतांनी संमत करून घ्यावा लागला. त्यावरील एका उपसूचनेला तर दोन्ही बाजूंना ३१० मते पडली. सभापतींनी परंपरेप्रमाणे निर्णायक मत 'नाही'च्या बाजूने दिले, कारण सभागृहात नसलेले बहुमत सभापतीने आपल्या मताने निर्माण करू नये असा संकेत आहे. अशी बरोबरी त्यापूर्वी १९९३ मध्ये, युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराच्या वेळी झाली होती आणि तेव्हा मोजणीत एका मताची चूक झाल्याचे मागाहून उघड झाले. शेवटी विधेयकाचे तिसरे वाचन ३१३ विरुद्ध ३१२ मतांनी मंजूर झाले. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडलेले ज्यांना आठवते, त्यांना एका मताची किंमत वेगळी सांगायला नको. सभापती व तीन उपसभापती मत देत नाहीत आणि उत्तर आयर्लंडमधील शिन फेन पक्षाचे सात सदस्य सभागृहात बसतच नाहीत, म्हणून ६५० च्या सभागृहात प्रत्यक्ष बहुमत ३२० च्या आसपास येते. त्यामुळे एक-दोन गैरहजेऱ्यांवर निकाल फिरू शकत असे.

आणि तरीही मिळाले काय? मे यांनी पुन्हा ३० जूनच मागितली आणि युरोपीय नेत्यांनी ११ एप्रिलच्या पहाटे ३१ ऑक्टोबर दिली. एका मताने संमत झालेल्या कायद्याने त्यांना दारापर्यंत नेले. आत काय मिळेल ते आतल्यांनी ठरवले.

या तारखांशी आपल्याकडच्या काही माणसांचाही थेट संबंध होता. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले हजारो गोवेकर, विशेषतः स्विंडन शहरातले, युरोपीय नागरिक म्हणूनच तेथे राहत होते. करार न होता देश बाहेर पडला असता, तर बाहेर पडण्याच्या दिवसापर्यंत तेथे राहायला आलेल्यांनाच स्थायिक होण्याच्या योजनेचा आधार मिळणार होता. म्हणजे प्रत्येक मुदतवाढीने ती रेषा पुढे सरकत होती. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील धाकटा मुलगा गोव्यातच होता. त्याची आई मला आकडे विचारत नसे. "सर, नवी तारीख कितीची?" एवढेच विचारत असे, आणि माझ्या वहीतल्या सगळ्या रकान्यांपेक्षा तो प्रश्न नेमका होता.

सप्टेंबरमध्ये बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना हाच खेळ अधिक कडवटपणे झाला. मुदतवाढ मागण्यापेक्षा खड्ड्यात मेलेले बरे, असे ते जाहीरपणे म्हणाले होते. ३ सप्टेंबरला खासदारांनी ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी कामकाज हाती घेतले. त्यात सामील झालेल्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना जॉन्सन यांनी संसदीय गटातून काढले, आणि आधीच काठावर असलेले आपले बहुमत पार बुडवले. दुसऱ्या दिवशी बेन यांचे विधेयक ३२७ विरुद्ध २९९ मतांनी संमत झाले. त्यात १९ ऑक्टोबरपर्यंत सभागृहाने करार किंवा करारविना प्रस्थान मान्य केले नाही, तर पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदत मागावी, असे बंधन होते. एवढेच नव्हे, तर पाठवायच्या पत्राचा मसुदाही कायद्याच्या परिशिष्टातच छापला होता. पंतप्रधानाच्या शब्दावर विश्वास नसला की संसद काय करते, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९ ऑक्टोबरला, शनिवारी, १९८२ च्या फॉकलंड संकटानंतर प्रथमच शनिवारची बैठक भरली. लेटविन यांच्या उपसूचनेने अंमलबजावणीचा कायदा होईपर्यंत जॉन्सन यांनी युरोपीय संघाशी केलेल्या नव्या कराराला मान्यता रोखून धरली : ३२२ विरुद्ध ३०६. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाची दहा मते 'होय'कडे गेली होती. ती उलट पडली असती तर निकाल ३१२ विरुद्ध ३१६ झाला असता. त्या रात्री जॉन्सन यांनी कायद्यातले पत्र सही न करता पाठवले आणि सोबत सही केलेले दुसरे पत्र, ज्यात मुदतवाढ ही चूक ठरेल असे म्हटले होते. युरोपीय संघाने बिनसहीचे पत्र ग्राह्य धरले आणि या खेपेस मागितलेलीच तारीख दिली.

आपल्याला वेळ कमी असेल, तर चारच दिवस सविस्तर वाचावेत : १४ मार्च, ३ एप्रिल, १९ ऑक्टोबर आणि २२ ऑक्टोबर. शेवटच्या दिवशी जॉन्सन यांचे करारविधेयक दुसऱ्या वाचनात ३२९ विरुद्ध २९९ मतांनी मंजूर झाले आणि लगेच झालेल्या मतदानात ते तीन दिवसांत उरकण्याचे वेळापत्रक ३०८ विरुद्ध ३२२ मतांनी फेटाळले गेले. सभागृहाला करार तत्त्वतः चालत होता, घाई चालत नव्हती, हे त्या एका संध्याकाळी जितके स्पष्ट दिसले तितके वर्षभरात दिसले नव्हते.

डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. ९ जानेवारी २०२० रोजी तेच विधेयक थोड्याफार बदलांसह ३३० विरुद्ध २३१ मतांनी तिसऱ्या वाचनात मंजूर झाले. त्यात नवे एक कलम होते : प्रस्थानानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० च्या पुढे वाढवण्यास कोणत्याही मंत्र्याने संमती देऊ नये. वहीत त्या मतदानाला मी एकच ओळ दिली आहे, आणि त्या रात्री वेळेवर झोपलो होतो.